पारड्यावरचं बोट

"तुमचं चालू द्या जी," असं म्हणून तो डावा डोळा मिटायचा.

कुठे भांडण चाललेलं असो, न्हाव्यापुढे कुणी गालाला साबण लावून बसलेलं असो, की ओट्यावर चार बाया मिळून पाचवीची उणीदुणी काढत असोत, हा येऊन उभा राहिला की सगळे गप्प व्हायचे. मग तो ओशाळून हात हलवायचा. "तुमचं चालू द्या जी, माह्याकडे नोका पाहू." डावा डोळा मिटलेलाच. वांगी घेतानासुद्धा तो एकाच डोळ्यानं पाहायचा. बाजारात नव्यानं बसू लागलेल्या एका वांगीवालीनं त्यापायी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. तिला वाटलं, हा आपल्याला डोळा मारतो आहे.

वयानं तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याला 'ते' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण माझा त्याच्यावर राग आहे, आणि राग मनात ठेवून वर आदर दाखवणं मला कधी जमलं नाही. म्हणून 'तो'च लिहिते.

आर्वीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. एक खोली, मागच्या भिंतीला कारंज्याचं चित्र असलेला पडदा, एक लाकडी स्टूल, आणि रस्त्याकडे तोंड केलेली काचेची शोकेस. लग्नाचे, नोकरीच्या अर्जाचे, बारशाचे फोटो काढून तो पोट भरायचा. पण आठवड्यातून एकदा, रोहण्याच्या बाजाराच्या दिवशी, तो दुकानाला कुलूप लावायचा आणि छोट्या गाडीत बसायचा.

पुलगाव ते आर्वी धावणारी ती गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. बैलगाडीपेक्षा ती जलद होती आणि सायकलपेक्षा मंद. तिचे रूळ बाजाराला इतके लागून होते की आम्ही बाया रुळाकडेच्या गिट्टीपर्यंत बारदानं पसरायचो. इंजिनाची शिटी ऐकली की दोन गोष्टी करायच्या. एक, बारदानाची कड ओढून घ्यायची. दुसरी, तराजू खाली ठेवायचा. गाडी जात असताना कुणीही तोलायचं नाही, असा आमच्या बाजाराचा नियम होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. गाडीनं जमीन हलते, वारा येतो, हातातली पारडी डोलतात, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं कमी दिलं, विकणारा म्हणतो जास्त गेलं. शेवटचा डबा पुढे गेला की तराजू पुन्हा वर. माझ्यासारखीला तर हा नियम फारच सोयीचा होता. मी वाळलेली लाल मिरची विकायची. मिरचीचं पारडं नुसत्या फुंकरीनंही हलतं.

मी त्या बाजारात बसू लागले तेव्हा माझ्याकडे एक टोपलं, एक उसना तराजू आणि सातवीपर्यंतचं शिक्षण होतं. नवरा जिनिंगमध्ये, तेही कापसाच्या हंगामापुरता. बसायला जागा मिळाली ती रुळाला अगदी चिकटून, जिथं धुराचा लोट अंगावर येतो म्हणून कुणी बसत नव्हतं. भावाची घासाघीस करावी तर मीच, अशी माझी ख्याती तीन वर्षांत झाली. आवाज मोठा, तोंड तिखट. पण माप चोख. तोंडावर राग धरणारी गिऱ्हाइकंही मापासाठी माझ्याकडे परत यायची. मिरचीवालीचं दुकान म्हणजे काय असतं? तिचा हात. बाकी सगळं तर बारदानात गुंडाळून घरी जातं.

सत्तरच्या आसपासचे दिवस असतील. एका बाजारी गाडी जाताना पाहिलं, तर शेवटच्या डब्याच्या दारात, पायरीवर पाय सोडून हा बसलेला. कमरेला स्वतःचाच दुपट्टा बांधून त्याची गाठ दाराच्या दांडीला मारलेली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. डोळ्याला कॅमेरा. मागून गार्ड ओरडतोय, "पडसान तं माह्यी नौकरी जाईन ना!" आणि हा त्यालाही म्हणतोय, "तुमचं चालू द्या जी."

पुढे स्टेशनवर उतरून तो चालत बाजारात यायचा. कॅमेरा पिशवीत. मिरची घ्यायला माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलंच.

"भाऊ, येवढे खाली येता तं इथंच उभं राहून काऊन नाई काढत फोटू? गाडीतून काय दिसते?"

"खाली उभा राह्यलो का तुमी मले पाहाता," तो म्हणाला. "गाडीतून आलो का तुमी गाडीले पाहाता."

"मंग?"

"गाडी रोजचीच. तिच्याकडे पाहाता पाहाता माणूस आपलं काम करत राह्यते. मले थे पाह्यजे."

मग त्यानं मला त्याची पद्धत सांगितली. "गाडीत बसल्यावर एखादा माणूस नजरेत भरला, तं आपली मान त्याच्यामांगं मांगं वळते का नाई? तशी मान वळवाची अन् वळता वळता बटन दाबाचं. बाकी सगळं पुसल्या जाते जी. थे एक माणूस राह्यते."

मला यात फायदा कुणाचा ते कळेना. "विकल्या जातेत का असे फोटू?"

"नाई."

"कोणी मांगतेत?"

"नाई बाप्पा. अर्धं डोकं खांबामांगं गेलेला फोटू कोण मांगन?"

माणूस खुळा आहे असं मी मनात ठरवलं, आणि खुळ्या माणसाशी सौदा करायची संधी मी सोडत नाही. मी म्हटलं, माझा फोटो आला तर मला द्यायचा. तो म्हणाला, तिखट द्या. मी म्हटलं, तिखट देईन, पण फोटो मोठा पाहिजे. बरीच ओढाताण झाल्यावर ठरलं: चांगला आला तर तो महिनाभर त्याच्या शोकेसमध्ये राहील, मग माझ्या घरी येईल, आणि त्या दिवशी मी त्याला अर्धा किलो घरचं तिखट देईन.

बाजारात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मग एक मजा झाली, जी आमच्याच बाजारात होऊ शकते. आमच्या लोकांना फोटो माहीत होता तो जत्रेतला. जत्रेतला फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालून ओरडतो, "हलू नका, श्वास धरा!" हलला तो मेला, पैसे पाण्यात, हे प्रत्येकाच्या मनात पक्कं बसलेलं. पुढच्या बाजारी गाडीची शिटी झाली, दारात हा दिसला, आणि सगळा बाजार जागच्या जागी थिजला. कांदेवाला हातात कांदा घेऊन उभा. गिऱ्हाईक पिशवीचं तोंड उघडं धरून उभं. माझ्या शेजारी लसूण विकणारी वच्छला डोळे ताणून, गाल फुगवून बसलेली. हे सगळं त्याच्यावरच्या मायेपोटी. बिचारा इतक्या लांबून येतो, त्याचा फोटो बिघडू नये.

तो चालत बाजारात आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. "अरे बाप्पा, कोनं सांगतलं तुमाले थांबाले?"

"फोटू हालते ना भाऊ!"

"मीच तं हालून राह्यलो गाडीत! तुमी कायले थांबता?"

पण एकदा लागलेली सवय. दुसऱ्या बाजारीही तेच, तिसऱ्याही. शेवटी त्यानं कोतवालाला गाठलं, आणि कोतवालानं डफडं वाजवून दवंडी दिली की फोटोवाल्याची गाडी येईल तेव्हा कुणीही उभं राहू नये, सर्वांनी नेहमीसारखं वागावं, तोलणाऱ्यांनी तोलत राहावं. झालं. आता लोक नेहमीसारखं वागण्याची शिकस्त करू लागले. कांदेवाला तेच चार कांदे पारड्यात टाकायचा नि काढायचा. वच्छला गिऱ्हाईक नसताना भाव सांगायची.

दवंडीतल्या त्या शेवटच्या वाक्याकडे कुणी नीट लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही. इतक्या वर्षांचा नियम त्यानं मोडला होता. त्याच्या गाडीला तराजू वर राहू लागले.

माझा फोटो निघाला तो असा. एक म्हातारी होती, दर बाजारी माझ्याकडून मिरची घ्यायची. तिला सगळे बुढीच म्हणत. तोंडात दात नाही, पण मिरची मात्र तिखटच लागायची. मी तिची मिरची तोलत होते तेवढ्यात गाडी आली. पूर्वीची मी असते तर तराजू खाली ठेवला असता. पण दवंडी होती. उजव्या हातात तराजू, पारडी डोलायला लागली, म्हणून मी डाव्या हाताचं एक बोट मिरचीच्या पारड्यावर ठेवलं. बोट ठेवलं ते पारडं थांबवायला. हे मी पुढे शंभर जणांना सांगितलं.

चार दिवसांनी वच्छला आर्वीहून आली ती धापा टाकत. "तुहा फोटू लागला वं आर्वीले! येवढा मोठ्ठा! मायबाई, लढाईले निघाल्यावाणी दिसतं तू त्याच्यात."

मी नवं लुगडं नेसून, सकाळच्या गाडीनं आर्वीला गेले. शोकेससमोर उभी राहिले. एवढा मोठा माझा फोटो मी कधी पाहिला नव्हता. मागचा सगळा बाजार पुसल्यासारखा पांढुरका, रेघारेघांचा. आणि त्यात मी, तराजू धरलेली, कपाळाला आठी. आणि पारड्यावर माझं बोट. काळंभोर, ठसठशीत. मला दुसरं काही दिसलंच नाही.

माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही म्हणून सांगते. रस्त्याच्या टोकाच्या पानठेल्यावरची माणसं उठून आली.

"हे काय लावलं? काढा आधी थे!"

तो आतून हात पुसत बाहेर आला. "काऊन जी? चांगला आला ना."

"चांगला? माह्यं बोट दिसून राह्यलं पारड्यावर! लोक म्हणतीन, बाई माप मारते!"

"कोनतं बोट?" पानठेल्यावरच्या एकानं विचारलं.

"हे! हे पाहा!" असं म्हणत मी काचेवर बोट ठेवून दाखवलं.

माणसं पुढे वाकली. कुणी म्हणालं, हो रे. कुणी हसलं. तो मात्र डावा डोळा मिटून त्या फोटोकडे पाहतच राहिला, जणू तो पहिल्यांदा पाहतो आहे. मग म्हणाला, "फोटू जसा हाये तसा हाये, बाई. मी त्याच्यात काई घातलं नाई, काई काढलं नाई."

"काढा म्हणते नं मी!"

"नाई काढत."

त्या माणसानं कुणाला नकार दिलेला मी पहिल्यांदा ऐकला. हळू आवाजात, खाली पाहून, पण ठाम. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सौदा मोडला, फोटो तुझा तुलाच राहू दे, असं म्हणून मी निघाले.

पुढच्या बाजाराला मी 'बोटवाली' झाले होते.

"बाई, बोट घरी ठेवून आल्या का?" "बोटासगट किती भरते मिरची?" असं हसत हसत लोक विचारायचे, आणि हसत हसतच पलीकडच्या मिरचीवाल्याकडे जायचे. मी चिडले की आणखी विचारायचे. मी दर बाजारी चिडायची. एका जावयानं सासूसमोर तसं विचारलं म्हणून मी त्याच्या अंगावर मूठभर मिरची फेकली. दोन महिन्यांत माझं बारदान अर्धं झालं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बाजार सोडते. तो म्हणाला, "सोडशीन तं खरंच होतं म्हणतीन."

त्या रात्री मी उपाय ठरवला. पुढच्या बाजारी मिरची पारड्यात टाकली, आणि डावा हात पाठीमागे नेऊन पदराच्या शेवात अडकवला. उजव्या हातानं तराजू उचलला. काटा थांबेपर्यंत तशीच. गाडीची शिटी झाली की दवंडी गेली खड्ड्यात, तराजू खाली. पहिले काही बाजार लोकांना तमाशाच वाटला. पोरं माझी नक्कल करायची. मग ज्यांना नक्कल पाहायची असे ते थांबले, आणि थांबले ते मिरची घेऊन गेले. वर्षभरानं लोक दुसऱ्या मिरचीवाल्याला सांगू लागले, "तूही हात मांगं घे ना भाऊ." तो नियम आमच्या बाजारात मी आणला. हौसेनं नाही, चिडून.

फोटोवाला गाडीतून येतच राहिला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तिनं माझा राग आणखी वाढवला. गाडी माझ्या जागेजवळ आली की तो कॅमेरा डोळ्यापासून काढून मांडीवर ठेवायचा. कांदेवाल्यापर्यंत कॅमेरा वर, मग खाली, वच्छलेच्या पुढे गेलं की पुन्हा वर. मला नमस्कारही करायचा, मान थोडी झुकवून. मी पाठ फिरवायची. वाटायचं, आधी चोर ठरवलं आणि आता तोंड चुकवतो. माझ्याकडे मिरची घ्यायलाही तो पुन्हा आला नाही. वच्छलेनं एकदा विचारलं, "बोलून टाक ना वं एकदाचं." मी म्हटलं, शोकेसमधला फोटो काढला तरच.

आणि फोटो त्यानं काढला नाही. महिना ठरला होता, वर्षं गेली. शोकेसमधले नवरा-नवरी बदलले, बाळं बदलली, मी आणि बुढी तिथंच. ऊन लागून फोटो पिवळा पडला. आर्वीचे लोक शोकेससमोरून जायचे आणि त्याकडे पाहायचेही नाहीत. एखाद्या परक्यानं विचारलंच तर म्हणायचे, रोहण्याच्या मिरचीवालीचा आहे, चोख मापाची बाई.

मधल्या काळात माझं चांगलं झालं. पुलगावला दुकान टाकलं, तिखट-हळद दळायची चक्की बसवली. रोहण्याचा बाजार सुटला. ठसका लागला तरी मला चक्कीचा आवाज आवडतो, तो माझा स्वतःचा आहे म्हणून.

ऐंशीच्या पुढची चार-पाच वर्षं सरली होती. एका दुपारी दुकानाच्या पायरीवर एक वाळका माणूस उभा राहिला. जाड भिंगांचा चष्मा. दोन्ही डोळे उघडे, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

"सौदा होता जी आपला," तो म्हणाला. "उशीर झाला."

मी त्याला बसायला सांगितलं नाही. तो आपणहून पोत्यावर बसला. स्टुडिओ बंद करून मुलीकडे नागपूरला चाललो, म्हणाला. डोळ्यांचं काही खरं नाही. गाडीच्या दारात बसायचं तर केव्हाच सुटलं होतं. कागद सोडला. तो फोटो. पिवळा, एका कोपऱ्याला बुरशी.

इतक्या वर्षांचं जे साचलं होतं ते मी विचारलं. आवाज चढवला नाही, चक्की सुरू असतानाही तो ऐकू गेला असावा. "लावाले तुमाले माह्यंच बोट भेटलं का, भाऊ?"

"बोट?" तो म्हणाला. "मी तं बुढीचा फोटू लावला होता, बाई."

मी चक्की बंद केली.

"दोन वर्सं तिच्या मांगं होतो मी. दर बाजारी कोनी ना कोनी मधात ये. त्या दिसी भेटली. पाहा ना."

मी पाहिलं. खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बुढी पिशवीचं तोंड उघडं धरून उभी होती, पण पिशवीकडेही तिचं लक्ष नव्हतं आणि तराजूकडेही नव्हतं. ती गाडीकडे पाहून हसत होती. बिनदाताचं तोंड भरून, लहान पोरीसारखी. जन्मभर ती गाडी पाहिलेली बाई, आणि जणू आजच पहिल्यांदा आली आहे.

"बोट मले दिसलंच नोतं," तो म्हणाला. "तुमी काचेवर दाखवलं तवा दिसलं."

"मंग त्याच दिसी काढला काऊन नाई?"

"येवढे लोक जमा झालते. तुमी वरडून राह्यल्या, अन् मी फोटू काढला असता, तं सगळे म्हनले असते, खरंच हाये, म्हनून काढला. लागून राह्यला का लोकायले सवय होते. सवय झाली का कोनी पाहात नाई."

मी बाजारात वाढलेली बाई आहे. 'मी पाहिलंच नाही' असं समोरचा म्हणाला, की त्यानं पाहिलं आहे असं मी आधी धरून चालते. मला वाटलं, म्हातारपणी पाप धुवायला आला आहे, गोड बोलतो आहे. मी अर्धा किलो तिखट तोललं, पुडा बांधला, त्याच्या हातात दिला. सौदा संपला.

उठताना तो म्हणाला, "बुढी गेली मांगच्या सालात. दुसरा फोटू नाई तिचा कोनाजवळ. तुमाले नको असन तं तुमच्या आंगचा भाग कात्रीनं कापून तिच्या घरी द्या. काठावरच हाये तुमी."

तो पायऱ्या चाचपडत उतरला. मी त्याला हात दिला नाही, हे मला आता लिहावं लागतं आहे.

फोटो आठ दिवस गल्ल्यामागे पडून होता. एकदा मी कात्री घेतलीही. माझ्या आणि बुढीच्या मधून सरळ कापता आलं असतं, तराजूची दोरी तेवढी तिच्याकडे राहिली असती. कात्री लावली आणि थांबले. ते बोट कापून टाकलं की ती गोष्ट मीच एकटी जाणणारी उरले असते. आणि ती गोष्ट अशी आहे. मी बोट ठेवलं पारडं थांबवायला, हे खरं. पण बोट तिथं होतंच, बुढी गाडीकडे पाहत होती, आणि मी ते दाबलं. चार-सहा मिरच्यांचा फरक पडला असेल. मी शंभर जणांना पहिली अर्धी गोष्ट सांगितली, दुसरी अर्धी कुणालाच नाही. माझा एवढा संताप कुठून आला होता, तुमच्या आता लक्षात आलं असेल.

मी फोटो जसाच्या तसा चौकटीत बसवून घेतला आणि रोहण्याजवळच्या तिच्या गावी गेले. बुढीच्या सुनेनं मला ओळखलं. तिनं फोटो हातात घेतला, पदरानं काच पुसली.

"अशीच हासे," ती म्हणाली. मग बोट दाखवून, "हे तुमी का, बाई?"

"हो."

"अन् हे काय करून राह्यल्या?"

"माप मारून राह्यलो," मी म्हटलं. "तिच्याच मिरचीचं."

मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलायला हवंच होतं. पण ती म्हणाली, "बुढी काई आंधळी नोती. घरी आली का मिरची पुन्हा तोले थे, आपल्या तराजूवर. म्हने, आज त्या बाईनं कमी देल्ली, पुढच्या बाजारी भांडतो."

"मंग भांडली तं नाई."

"पुढच्या बाजारी तुमच्या मांगं सगळा गाव लागलता म्हने. म्हनून राह्यलं तिचं भांडाचं."

तिनं खिळा शोधला. मीच दगडानं तो ठोकून दिला.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी आर्वीला निघाले. त्याला दुसरी अर्धी गोष्ट सांगायची होती. वाटलं, अजून नागपूरला निघाला नसेल, निदान मुलीचा पत्ता तरी मिळेल. वाटेत रोहण्याला अजून अंधारच होता, बाजार भरलेला नव्हता. आर्वीत पोचले तर स्टुडिओच्या दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. शोकेस रिकामी. आतलं निळं कापड उन्हानं विटून राखाडी झालेलं, आणि मधोमध एक चौकोन तेवढा अजून गडद निळा. पानठेल्यावाला म्हणाला, "त्याहीले जाऊन पंधरा दिस झाले. तिकडे गेले अन् आठवड्यातच वारले म्हने."

परत यायला दुपारची गाडी मिळाली. डब्यात गर्दी होती, म्हणून मी दाराजवळ खाली बसले. रोहणं जवळ आलं तशी शिटी झाली, आणि मी मान बाहेर काढली. बाजार भर दुपारचा, गच्च भरलेला. इतकी वर्षं मी त्या बाजारात बसून ती गाडी पाहिली होती. त्या गाडीतून तो बाजार कधी पाहिला नव्हता. तेव्हा बाजाराच्या दिवशी मी गाडीत असणार कशी? आणि पुढे दुकान सोडून निघणं झालं नाही.

कांदे गेले. एक लाल लुगडं गेलं. माझी जागा कोणती ते मला पाठ होतं, म्हणून मी डोळे तिथंच लावून ठेवले. तिथं कुणीतरी मिरची घेऊन बसलं होतं, समोर कुणीतरी उभं होतं. बाई होती की माणूस, तराजू वर होता की खाली, हात कुठे होता, काहीच कळलं नाही. धूर आला, आणि बाजार मागे पडला.